ख्रिस्ती घरात वल्हांडणाची संध्याकाळ कशी पाळावी

आपल्या विश्वासाच्या हिब्रू मुळांकडे परतायचे म्हणजे नेमके काय करायचे, असे मंडळीतले कोणी विचारले की मी आधी शोफार (मेंढ्याच्या शिंगाचे वाद्य), प्रार्थनेची शाल आणि गळ्यातला चांदीचा तारा विकत घेऊ नका, एवढेच सांगतो. वर्षातून एका संध्याकाळी, इस्राएल लोक मिसरच्या (इजिप्तच्या) दास्यातून सुटले त्या वल्हांडणाच्या रात्रीची हकिकत सांगणारा निर्गमाचा बारावा अध्याय समोर ठेवून घरच्यांबरोबर जेवायला बसावे; सुरुवातीला तेवढे पुष्कळ होते. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही हे गेली चौदा वर्षे करत आहोत. स्वयंपाकाविषयी भरमसाट सल्ले मिळतात, पण स्वयंपाक या सगळ्यात सर्वांत सोपा आहे. मी अडखळलो ते जेवताना काय बोलायचे तिथे, आणि म्हणून या लेखाचा मोठा भाग त्याच टप्प्यावर खर्च होणार आहे.

पहिले काम तारीख ठरवण्याचे. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी हे जेवण करावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. ईस्टरची गणना यहुदी पंचांगापासून वेगळी करण्याचा निर्णय इ. स. ३२५ च्या निकियाच्या परिषदेच्या वेळचा आहे, त्यामुळे दोन्ही सण कधी जवळ येतात, तर कधी महिनाभराच्या अंतरावर पडतात. २०२४ मध्ये उत्तम शुक्रवार २९ मार्चला होता आणि वल्हांडण २२ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला. महाराष्ट्रात राहणाऱ्याला इथे एक सोय आहे. यहुदी महिनाही चंद्रावर चालतो आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी त्यांच्याकडेही अधिक महिना धरतात, त्यामुळे वल्हांडणाच्या निसान महिन्याची पौर्णिमा बहुतेक वर्षी आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आसपासच येते. २०२५ मध्ये भिंतीवरच्या कॅलेंडरात १२ एप्रिलला हनुमान जयंती होती आणि त्याच संध्याकाळी वल्हांडण होता. मात्र त्यांचे अधिक महिने १९ वर्षांत ७ असे ठरावीक चक्राने येतात आणि आपले सूर्याच्या संक्रमणावरून ठरतात, म्हणून हा मेळ अधूनमधून तुटतो. २०२१ मध्ये वल्हांडण २७ मार्चला, म्हणजे होळीच्या आदल्या संध्याकाळी आला. तेव्हा चैत्री पौर्णिमेवर विसंबून न राहता यहुदी पंचांगातली तारीख एकदा पडताळून पाहावी, आणि त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो हे विसरू नये.

या सणात खमीर, म्हणजे पीठ फुगवणारे आंबवण, घरात ठेवत नाहीत; ते बाहेर काढण्याचे काम आदल्या दिवशी उरकते. पाव, खारी, टोस्ट, बिस्किटे संपवावीत किंवा देऊन टाकावीत. हिंगाची डबी हमखास विसरली जाते. बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो. इडलीच्या पिठावरून दर वर्षी वाद होतो. रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, नियमाप्रमाणे हा निषेध गहू, सातू आणि त्यांच्याबरोबरच्या आणखी तीन धान्यांपुरता आहे, त्यामुळे तांदूळ-उडदाचे आंबवण त्यात बसत नाही. तरीही आमच्या घरी त्या आठवड्यात पीठ आंबवत नाहीत, कारण फसफसून पातेल्याबाहेर आलेले पीठ आठवले की थोडे खमीर सगळा गोळा फुगवते असे सांगणारा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

बेखमीर भाकरीसाठी परदेशातून डबे मागवण्याची गरज नाही. कणीक आणि पाणी घ्यावे, मीठ व तेल घालू नये, पातळ लाटून काट्याने टोचावे आणि कडकडीत तापलेल्या तव्यावर भाजावे. पिठाला पाणी लागल्यापासून भाजून होईपर्यंत १८ मिनिटांच्या आत सगळे व्हावे, असा यहुदी नियम आहे आणि पोळ्या लाटण्याची सवय असलेल्या हाताला तो जड जात नाही. ज्वारीची भाकरी मात्र चालत नाही. कडू पाल्यासाठी कच्ची मेथी, गोडासाठी खजुराचा घट्ट रस आणि प्याल्यासाठी काळ्या द्राक्षांचा घरी काढलेला रस पुरेसा होतो. कोकरू भाजू नये; त्याचे कारण पुढे येईल.

आता बोलण्याचा टप्पा. पहिल्या वर्षी मी कोणीतरी पाठवलेली चोवीस पानांची इंग्रजी संहिता छापून आणली आणि रात्री जागून तिचे मराठी केले. तिच्यात प्रत्येक पदार्थाचा ख्रिस्ती अर्थ ठरलेला होता. तीन भाकरी म्हणजे त्रैक्य, भाकरीवरची भोके आणि डाग म्हणजे प्रभूच्या जखमा, लपवून ठेवलेला तुकडा म्हणजे कबर. त्या संध्याकाळी मी आमच्या इमारतीतल्या एका वृद्ध बेने इस्राएली, म्हणजे मराठी यहुदी समाजातल्या, बाईंनाही जेवायला बोलावले होते. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. त्या दोन तास शांतपणे ऐकत होत्या आणि निघताना दारात म्हणाल्या, ‘‘छान झालं सगळं, पण मिसरातून कोण बाहेर आलं ते राहूनच गेलं.’’ मी घरात येऊन ती पाने पुन्हा चाळली. मोशेचे नाव दोनदा होते आणि विटा थापणारे लोक एकदाही नव्हते.

अशा संहिता आजही फिरत असतात आणि त्यांपासून दूर राहावे, असे माझे ठाम मत आहे. प्रभूने शेवटच्या रात्री अगदी हेच केले, हा त्यांचा दावा टिकत नाही. आज यहुदी घरांत जो सेदेर, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीचा जेवणाचा विधी, होतो त्याची घडण इ. स. ७० मध्ये यरुशलेमेचे मंदिर पडल्यानंतर झाली. चार प्याले आणि मुलाचे प्रश्न मिश्नात, म्हणजे साधारण इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ग्रंथात भेटतात, आणि सेदेरला वाचतात ते हग्गादाचे पुस्तक त्याहून नंतरचे आहे. शुभवर्तमानांत भाकर आहे, प्याला आहे, ताटात हात बुडवणे आहे आणि शेवटी गीत आहे. तीन भाकरींचा उल्लेख नाही. ते जेवण वल्हांडणाचेच होते की आदल्या संध्याकाळचे, याबाबत पहिली तीन शुभवर्तमाने आणि योहान यांचा मेळही सहज बसत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. युरोपात शतकानुशतके हाच ऋतू यहुद्यांवर हल्ले करण्याचा ऋतू होता. रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात यहुद्यांचा १९०३ चा संहार ईस्टरच्या रविवारी सुरू झाला. ज्यांच्या दारावर आपल्या नावाचे लोक चालून गेले, त्यांच्याच ताटातल्या पदार्थांचा खरा अर्थ आम्हालाच कळला असे सांगताना निदान आवाज खाली आणावा. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने कलम केलेल्या रानजैतुनाच्या फांदीला, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना, नेमके याविषयीच बजावले आहे.

संहिता फेकून दिली तरी अडचण सुटली नाही, कारण नंतर मी सर्वनामात अडकलो. हग्गादातले प्रसिद्ध वाक्य ‘अवादीम हायीनू’ असे सुरू होते: फारोचे दास होतो, कोण, तर बोलणारे स्वतः. हिब्रूत त्या ‘आम्ही’चे एकच रूप आहे. मराठीत मात्र ऐकणाऱ्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे हे आधी ठरवावे लागते: ‘आम्ही’ की ‘आपण’. यहुदी बाप मुलाला सांगताना बिनदिक्कत ‘आपण’ म्हणू शकतो. मीही दुसऱ्या वर्षी मोठ्या आवाजात ‘आपण मिसरात दास होतो’ असे म्हणालो आणि माझ्या सात वर्षांच्या मुलीने विचारले, ‘‘बाबा, आपण तर नगर जिल्ह्यातले ना?’’ सगळे हसले, मीही हसलो, पण तिचे बरोबर होते. पुढच्या वर्षी मी ‘ते’ वापरून पाहिले, तेव्हा गोष्ट इतिहासाच्या पुस्तकातल्या धड्यासारखी कोरडी झाली.

याचे उत्तर मजकुरातच होते आणि ते दिसायला मला आणखी तीन वर्षे लागली. निर्गम १२:३८ मध्ये इस्राएल लोकांबरोबर एक मोठा मिश्र समुदायही मिसरातून निघाला असे लिहिले आहे. त्यांची नावे, कुळे किंवा संख्या दिलेली नाही. ते फक्त बरोबर चालू लागले. आपली जागा त्या ओळीत आहे. त्याच अध्यायाच्या ४८ व्या वचनात सुंता न झालेल्याने वल्हांडणाचे कोकरू खाऊ नये असेही स्पष्ट म्हटले आहे, आणि बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा सोळावा अध्याय ते कोकरू देवाने निवडलेल्या ठिकाणीच मारायला सांगतो. म्हणून आमच्या टेबलावर कोकरू नसते, आणि म्हणूनच आम्ही या जेवणाला वल्हांडण न म्हणता वल्हांडणाची आठवण म्हणतो. हा संकोचाचा किंवा नम्रतेच्या देखाव्याचा भाग नाही. ज्या अध्यायाचे वाचन करायचे त्याचीच ती अट आहे.

तेव्हा वाचनाचा क्रम असा ठेवावा. घरातल्या सर्वांत लहान मुलाने आज पाव का नाही, असे विचारावे. ते पाठ करून घेऊ नये, पावाची डबी रिकामी दिसली की ते आपोआप विचारते. मग निर्गमाचा पहिला अध्याय आणि बाराव्यातले निवडक भाग वाचावेत, आणि इथे सांगणाऱ्याने ‘इस्राएल लोक’ असेच म्हणावे. मेथी खाताना काही बोलू नये. तिची चव स्वतःचे काम करते. अडतिसावे वचन दोनदा वाचावे. त्यानंतर लूकचा बाविसावा अध्याय घ्यावा आणि शेवटी इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली ११ ते १३ ही वचने, जिथे पौल वाचकांना तुम्ही करारांना परके होता, दूर होता, आता जवळ आणले गेला आहात असे सांगतो. त्या वचनापाशी पोचल्यावर, आणि तिथेच, सांगणाऱ्याने ‘आपण’ म्हणायला सुरुवात करावी. तोपर्यंत ते सर्वनाम राखून ठेवले तर त्याला जे वजन येते ते मला कोणत्याही चिन्हार्थाने आजवर मिळालेले नाही. प्रभुभोजन मात्र घरी उरकू नये. ते मंडळीत, पाळकांच्या हातून घ्यावे, आणि असे काही करत असल्याचे त्यांना आधीच सांगितलेले बरे, म्हणजे नंतर खुलासे करावे लागत नाहीत.

मराठी शब्दांची उणीव भासली तर दूर जायला नको. १८७४ साली पुण्यातच हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली आणि तिच्यातल्या चित्रात लुगडे नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. केडगावला पंडिता रमाबाईंनी मराठी बायबलासाठी हिब्रू शिकून घेतली होती. रास्ता पेठेतल्या सभास्थानात किंवा लष्करातल्या लाल देवळात (तेही सभास्थानच) मात्र सणाच्या संध्याकाळी बघायला म्हणून जाऊन उभे राहू नये. तो त्यांच्या घरचा सण आहे, बोलावले तरच जावे.

जेवणानंतर गाणे. स्तोत्र ११३ ते ११८ ही हल्लेलची, म्हणजे सणाला गायच्या स्तुतीची, स्तोत्रे आहेत. सगळी जमत नसतील तर शेवटचे घ्यावे. त्यातल्या पंचविसाव्या वचनातल्या ‘होशीआ ना’ या शब्दांतूनच आपला होसान्ना आला, आणि त्यातला ‘ना’ हा विनवणीचा आहे, अगदी ‘वाचव ना’ म्हणताना असतो तसा. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर कोणी प्रवचन रचू नये, पण मुलांना तो लक्षात राहतो. संपूर्ण हिब्रू शिकण्याआधी एक ओळ तोंडी यावी असे वाटत असेल, तर १३६ वे स्तोत्र निवडावे. त्याच्या २६ वचनांत प्रत्येकाच्या शेवटी ‘की लेओलाम हस्दो’, म्हणजे ‘कारण त्याची दया सर्वकाळ आहे’, हे ध्रुपद येते. एकाने मराठीत अर्धी ओळ म्हणावी, बाकीच्यांनी ध्रुपद धरावे. भजनाची सवय असलेल्या घरात तिसऱ्या फेरीला टाळ्या सुरू होतात. ‘हस्दो’मधला ह घशातून काढावा, नाही जमला तर साधा म्हणावा.

दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपासून दिवस मोजायला घ्यावेत. लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायाप्रमाणे सात आठवडे मोजून पन्नासावा दिवस शवुओतचा, म्हणजे प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायातल्या पन्नासाव्या दिवसाचा सण येतो. आमच्याकडे हे आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहितात आणि विसाव्या दिवसाच्या आसपास शाळेच्या सुट्टीत गावी गेल्यामुळे दर वर्षी दोन-तीन चौकोन कोरे राहतात. परतल्यावर बोटांवर मोजून ते भरून काढावेत.