‘दिवाळी’ रिडिम गच्चीवर कसा लावायचा

एका कोजागरीला आमच्या लालबागच्या गच्चीवर मी ‘दिवाळी’ या जमैकन रिडिमचा आख्खा अल्बम सलग लावला. तिसऱ्या गाण्याला तळमजल्यावरच्या काकू दुधाचा पेला हातात धरून म्हणाल्या, ‘‘अरे, कॅसेट अडकली का?’’ त्यांचं काही चुकलं नव्हतं, सगळी गाणी एकाच ठेक्यावर आहेत.

जमैकात आधी ठेका आणि बास तयार होतो, तोच रिडिम. मग एकेक गायक येऊन त्यावर आपले शब्द चढवतो. भजनात एका चालीवर दहा अभंग बसतात. इथे चालही ज्याची त्याची, सामाईक फक्त ठेका. मी बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो, आमच्याकडे गाणं आधी आणि ठेका मागून, त्यामुळे हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

म्हणून आधी बिनशब्दांचं ‘व्हर्जन’ ऐका. हा रिडिम स्टीव्हन ‘लेन्की’ मार्सडेनचा, अल्बम २००२ चा. ड्रम सोडा, ठेक्यातल्या टाळ्या धरा. लोकलमध्ये मांडीवर वाजवून बघा, हात चुकतोच. टाळ्या पक्क्या होईपर्यंत गायकांकडे वळू नका.

मग वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’. तो ठेक्यावर तरंगत, सूर लांबवत गातो. लगेच शॉन पॉलचं ‘गेट बिझी’ लावा: त्याचे शब्दच ताशाच्या काड्यांसारखे पडतात. हेच गाणं २००३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं. बाउंटी किलरचं ‘सफरर’ खरखरीत आवाजाचं, ते गोड गाण्याला लागून ठेवा. न्यूयॉर्कच्या ल्युमिडीचं ‘नेव्हर लीव्ह यू’ही याच टाळ्यांवर आहे.

आता जोडणी. वेग मिनिटाला साधारण १०० ठोके, सगळ्यांचा जवळपास तोच, म्हणून वेगाच्या बटणाला हात लावू नका. पुढचं गाणं समेवर उचला. एकेक गाणं दीड-दोन मिनिटं, बस्स. जमैकात याला जगलिंग म्हणतात. पाच गाणी झाली की रिडिमच बदला. मी ‘कूली डान्स’वर जातो, नीना स्कायचं ‘मूव्ह या बॉडी’ त्यावरचंच. टाळ्या तिथेही आहेत, फक्त जरा पळतात.

यंदा असंच लावलं. काकू दोनदा वर येऊन गेल्या. दुसऱ्यांदा विचारलं, ‘‘तो मघाचा गोड गळ्याचा परत लागणार का रे?’’ वेन वंडर.