दोघांनी सायकलवर चार दिवस: नागपूर–रामटेक–पेंचचा फेरा असा करा

नागपूरहून रामटेक, तिथून पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळचं सिल्लारी, मग आमडी फाट्यावरून पारशिवनी आणि नवेगाव खैरी, चौथ्या दिवशी खापरखेड्यावरून घरी. तीन मुक्काम, रोज तीस ते पन्नास किलोमीटर. मी आणि माझा नवरा गेली अकरा वर्षं दर हिवाळ्यात एकदा तरी या बाजूला सायकलनं जातो. आता ओळखीची जोडपी विचारायला येतात आणि येताना इतका चुकीचा सल्ला ऐकून आलेली असतात की शेवटी लिहायलाच बसले.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे 'रोज शंभर किलोमीटर सहज होतात'. हा आकडा बहुतेक वेळा परदेशातल्या वाटांवरून उचललेला असतो. अमेरिकेत पिट्सबर्गपासून वॉशिंग्टनपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावरून आणि पुढे जुन्या कालव्याच्या काठानं सुमारे ५४० किलोमीटरची वाट आहे. तिथे ट्रक नाहीत आणि रेल्वेसाठी आखलेली असल्यामुळे चढ अगदी मंद. आपल्याकडे रामटेकच्या अलीकडच्या मनसरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे, म्हणजे ट्रकची गर्दी. दोघं पहिल्यांदाच निघत असाल तर पन्नासच्या वर जाऊ नका. दिवसही लहान असतो. डिसेंबरात साडेसहाच्या पुढे उजाडतं आणि साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो.

कधी निघायचं

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास रामटेक टाळा, गडावर यात्रेची गर्दी असते. पहिला दिवस रविवार ठेवा, कामठी-कन्हानपर्यंत वाहनं कमी लागतात. मुक्काम आधीच ठरवून ठेवा.

सायकली

हवा, ब्रेक, चेन तपासालच. एकच गोष्ट सांगते, दोन्ही सायकलींच्या चाकाचं माप सारखं असेल तर एकच जादा ट्यूब दोघांना चालते. पण न्यायच्या दोन. पावसाळ्यानंतर इकडच्या कच्च्या वाटांवर सराटे आणि बाभळीचे काटे पडलेले असतात, आणि एका दिवसात दोन पंक्चर आम्ही पाहिलेत.

दोघांचा वेग जुळवणं

सहल मोडते ती इथे. पाय दुखले म्हणून घरी परतलेलं जोडपं मी पाहिलेलं नाही. रस्त्यात भांडून परतलेली तीन माहीत आहेत.

आमच्या पहिल्या फेरीत सगळे जे सांगतात तेच आम्ही केलं: 'ज्यानं त्यानं आपापल्या वेगानं जायचं, पुढच्या टपरीवर भेटायचं.' नवरा ताशी अठरा किलोमीटरनं जायचा, मी चौदानं. फरक चारचाच. पण दहा किलोमीटरला त्याला तेहतीस मिनिटं लागत आणि मला त्रेचाळीस. म्हणजे दर थांब्यावर त्याला दहा मिनिटं आधी पोहोचून बसायला मिळत होतं. चहा पिऊन झालेला, घाम वाळलेला. मी धापा टाकत पोहोचले की तो उठून उभा राही, 'चल, निघू या?' मनसर फाट्यापर्यंत त्याची पाऊण तास विश्रांती झाली होती आणि माझी शून्य. जो हळू आहे त्यालाच विश्रांती मिळत नाही, म्हणून तो आणखी हळू होतो, म्हणून पुढचा आणखी ताटकळतो. मनसरला मी सायकल भिंतीला टेकवली आणि सांगितलं, मी पुढे येत नाही. त्याला काय चुकलं ते कळेना, कारण त्याच्या मते तो दर वेळी माझी वाट पाहत होता. त्या दिवशी आम्ही रामटेकला पोहोचलो, पण गडमंदिर पाहिलं नाही.

नंतर दोन हिवाळे घालवून आम्ही जे बसवलं ते असं.

आधी खात्री करा की हळू आहे तो माणूस, सायकल नव्हे. निघण्याच्या दोन आठवडे आधी नागपुरातच अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सच्या बाजूला सायकली बदलून वीस किलोमीटर चालवा. सीटची उंची मात्र ज्याची त्यानं लावून घ्यायची. आम्ही हे केलं तेव्हा नवरा पहिल्या पाच किलोमीटरांतच म्हणाला, 'अगं, ही ओढत नेतेस तू!' माझ्या सायकलला चिखलात चालणारे जाड खाचांचे टायर होते आणि पुढे स्प्रिंगचा फोर्क. डांबरी रस्त्यावर दोन्हींत जोर वाया जातो. शिवाय माझी सीट इतकी खाली होती की गुडघा कधी पुरता सरळच होत नव्हता. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाशी नेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे, तेवढी सीट वर घ्या. गुळगुळीत टायर आणि वर घेतलेली सीट, एवढ्यावरच आमचा निम्मा फरक मिटला. बायकोला स्वस्तातली, जुनी किंवा घरात पडून असलेली सायकल द्यायची आणि मग 'तिला जमत नाही' म्हणायचं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय आणि मला ते अजिबात चालत नाही.

उरलेला फरक वजनानं मिटवा. सामान अर्धं-अर्धं वाटणं न्यायाचं वाटतं, पण ती चूक आहे. जो जोरात चालवतो त्याच्या कॅरिअरवर सगळं टाका: कपडे, अवजारं, पंप, कुलूप, जादा पाणी. हळू चालवणाऱ्याकडे स्वतःची बाटली, एक विंडचीटर आणि खिशात दोन संत्री, बस. आमच्याकडे त्याच्या सायकलवर बारा किलो असतात, माझ्या तीन. यात कुणाचा मान जात नाही. तरीही पुढचा फार पुढे जात असेल तर आणखी एक किलो त्याच्याकडे द्या.

रस्त्यावर पुढे राहायचं ते हळू चालवणाऱ्यानं. वेग त्याचा. मागच्यानं दोन-तीन सायकलींचं अंतर ठेवायचं आणि टोकायचं नाही, 'जरा वाढव' हे शब्द चार दिवस उच्चारायचे नाहीत. अपवाद वाऱ्याचा. हिवाळ्यात इकडे वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून असतो आणि रामटेकला जाताना तो तोंडावर येतो. अशा वेळी जोरकस माणसानं पुढे जाऊन वारा अंगावर घ्यायचा. दुसऱ्यानं त्याच्या मागे, पण जवळ चालवायचं ते रिकाम्या, चांगल्या रस्त्यावरच. ट्रकच्या गर्दीत पुढचा अचानक थांबला तर मागचा सरळ त्याच्यावर जातो.

थांबायचं ते किलोमीटरवर नाही, घड्याळावर. दर पंचेचाळीस मिनिटांनी, सावली दिसेल तिथे. आणि विश्रांतीची दहा मिनिटं मोजायची ती हळू चालवणाऱ्यानं पाण्याचा घोट घेतल्यापासून. सगळ्या लेखातला हा एकच नियम पाळलात तरी चालेल. 'निघू या' हे म्हणायचा हक्कही त्याचाच.

वाऱ्यात आवाज पोहोचत नाही, म्हणून घंटी ठरवून घ्या. आमच्यात एक टिंग म्हणजे थांब, दोन म्हणजे मागून मोठी गाडी. गडाखालच्या चढावर किंवा पुलावर उतरून सायकल ढकलावीशी वाटली तर ढकला, आणि दुसऱ्यानंही उतरावं. एकानं ढकलायचं आणि दुसऱ्यानं वर जाऊन पाहत उभं राहायचं, हे करू नका.

पहिला दिवस: रामटेक

सुमारे पन्नास किलोमीटर. उजाडताच निघा, तर्री पोहे कामठीच्या पुढे खा. आदल्या रात्री तिखट सावजी जेवण नको, पहाटे पोट जड राहतं आणि पाणी पुरत नाही. मनसरला वाकाटककालीन अवशेषांची टेकडी आहे, तिथे थांबायला हरकत नाही. दुपारी गडमंदिर आणि संध्याकाळी खिंडसी तलाव होतो.

दुसरा दिवस: सिल्लारी

अंतर तीसच्या आतबाहेर, पण पवनीपर्यंत पुन्हा महामार्ग. या पट्ट्यात रस्ता जिथे खांबांवर उचललाय तिथे खालून जनावरं ये-जा करतात. वर थांबून खाली वाकून बघू नका, गाड्या फार वेगानं येतात. पवनीहून आत वळलात की सागाचं जंगल लागतं. इथे एक नियम कडक पाळा, चार वाजता सायकल मुक्कामी लागलेली हवी. व्याघ्र प्रकल्पाच्या गेटच्या आत सायकल न्यायची नाही. जंगल पाहायचं तर वन खात्याच्या सफारीतून पाहा. गावातले लोक 'आज तिकडे नका जाऊ जी' म्हणाले तर नका जाऊ.

तिसरा दिवस: नवेगाव खैरी

नागपूरच्या नळाला येणारं बहुतेक पाणी पेंच नदीचं, आणि ते इथल्या धरणातून येतं. आपल्याकडे सायकलींसाठी राखलेल्या लांब वाटा नाहीत. त्यांच्या सगळ्यात जवळ जाते ती इथल्या कॅनॉलच्या पाळेवरची मुरमाची वाट, एका बाजूला पाणी, दुसरीकडे शेतं. पण ती पाटबंधाऱ्याच्या कामासाठी केलेली आहे, फिरायला नाही. चौकीदार दिसला तर उतरून विचारा. शेतात कुणी असेल तर त्यांनाही विचारा, कारण पुढची खबर त्यांनाच असते. एकदा एका आजोबांनी सांगितलं, 'जाता येते ना जी, पण नाल्यापाशी गिट्टी टाकून ठेवली आहे,' आणि आमचे चार किलोमीटर वाचले. कॅनॉलमध्ये पाय धुवायला उतरू नका. सिमेंटच्या उतारावर शेवाळ असतं, पाणी ओढ घेतं आणि वर यायला धरायला काही नसतं.

पाळेवर दोघांनी शेजारी-शेजारी चालवता येतं. चार दिवसांत गप्पा मारत सायकल चालवायची जागा हीच, तेव्हा इथे घाई करू नका.

चौथा दिवस: घर

पारशिवनीहून खापरखेड्याकडे या. वीज केंद्राच्या बाजूला राखेचे ट्रक असतात, म्हणून तोंडाला ओला रुमाल आणि डोळ्यांना चष्मा. हा पट्टा सकाळी नऊच्या आत ओलांडा. कोराडीला देवीचं दर्शन घेऊन शहरात शिरलात की वाहतूक वाढते. तिथे पुढे कोण हा प्रश्न पुन्हा येईल. शहरातही हळू चालवणाराच पुढे, आणि सिग्नलला दोघं एकत्र थांबा. एक हिरव्यात गेला आणि दुसरा लालमध्ये अडकला तर पुढच्यानं रस्त्याच्या कडेला उतरून उभं राहायचं.

घरी पोहोचल्यावर राख आणि मुरूम चेनमध्ये बसलेला असतो. आंघोळीआधी दोन्ही चेनी कोरड्या फडक्यानं पुसा, तेल सोडा, आणि मगच सायकली आत घ्या.