ज्येष्ठमधाच्या चहात साखर घालू नका, आधी एक घोट घेऊन बघा

आमच्याकडे गुहागरला पाऊस लागला की दुपारी चारला कोरा चहा ठरलेला, परसातला गवती चहा, आलं, झाडाच्या सालीची दालचिनी आणि ज्येष्ठमध. पहिल्यांदा केला तेव्हा मी सवयीने दोन चमचे साखर घातली आणि अक्षरशः पाक प्यायल्यासारखं झालं!! कारण ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड असतं, पण ती गोडी लगेच कळत नाही, आधी आलं झणझणतं, मग घोट गिळल्यावर मागून हळूच गोडवा येतो आणि जिभेवर रेंगाळत बसतो, बडीशेप चावल्यासारखा. खरी मजा तीच आहे.

दोन कपांना ज्येष्ठमधाची बोटाच्या एका पेराएवढी काडी पुरे. पावडर नको, चहा गढूळ होतो, काडी खलबत्त्यात नुसती ठेचायची म्हणजे आतले पिवळे धागे सुटतात. आलं-दालचिनीबरोबर पाच मिनिटं मंद उकळा, जास्त उकळलं तर कडवट लागतो. गवती चहाची पात मात्र गॅस बंद केल्यावरच टाकून झाकण ठेवा, नाहीतर वास सगळा वाफेबरोबर जातो. दूध अजिबात नको. फार गोड वाटला तर वरून लिंबू पिळा, मस्त लागतो.

आणि हो, बीपीवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा टाळलेलाच बरा, ज्येष्ठमधाने बीपी वाढतं, पोटॅशियम कमी होतं. बाकीच्यांनीही रोज उठून पिऊ नये.