रोवन, लाल लोकर आणि हिवाळ्याचे दारचक्र

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्कॉटलंडमधल्या एडिनबरामध्ये दिवस जेमतेम सात तासांचा उरतो. दुपारी पावणेचार वाजण्याआधीच सूर्य मावळलेला असतो आणि पुढचे सतरा तास दारे-खिडक्या लावून बसण्याचेच असतात. या दिवसांत दारावर सदाहरित फांद्यांचे गोल चक्र टांगण्याची पद्धत ब्रिटनमध्ये नाताळचा भाग म्हणून घरोघरी आहे. परंतु स्वतःला उघडपणे ‘विच’, म्हणजे चेटकीण, म्हणवणारी, निसर्गपूजक पंथांतील मंडळी हेच चक्र २१ किंवा २२ डिसेंबरला येणाऱ्या ‘यूल’ या सणासाठी, म्हणजे वर्षातील सर्वांत लांब रात्रीसाठी, घराची राखण करणारी वस्तू म्हणून बांधतात. कोणती फांदी कशासाठी घालायची, गाठी किती मारायच्या आणि बांधणी कोणत्या दिशेने करायची, याचे त्यांचे काही संकेत आहेत. ते पाळून गेली काही वर्षे मी हे चक्र स्वतः बांधत आले आहे, म्हणून त्याची कृती येथे सांगते. इंग्रजी ‘रीथ’साठी मराठीत पुष्पचक्र हा शब्द आहे खरा, पण तो कानावर पडताच आपल्याला स्मारकापुढची श्रद्धांजली आठवते; त्यामुळे मी याला दारचक्र म्हणणार आहे.

साहित्य जमवण्यापूर्वी एक विसंगती लक्षात घेतली, तर पुढची निवड सोपी जाते. आजच्या विच ज्या वस्तू दारावर लावतात, त्याच वस्तू तीन-चारशे वर्षांपूर्वी लोक विचपासून बचाव व्हावा म्हणून लावत असत. रोवन नावाच्या झाडाच्या दोन काटक्या लाल धाग्याने आडव्या-उभ्या बांधून तो क्रूस दाराच्या चौकटीवर ठेवला जाई, आणि रोवनची डहाळी लाल धाग्याने गायीच्या शेपटीलाही बांधली जाई, कारण गाय आटली की त्याचे खापर गावातल्या एखाद्या बाईवर फुटत असे. स्कॉटलंडमध्ये १५६३ ते १७३६ या काळात चेटकाचा कायदा लागू होता आणि त्या काळातील ३८०० हून अधिक आरोपींच्या नोंदी इतिहाससंशोधकांनी शोधून काढल्या आहेत. त्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. ब्रिटनमधील नंतरचा चेटूकविषयक कायदाही १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्यानंतरच जेराल्ड गार्डनर यांच्यासारख्यांनी ‘विक्का’ हा नवा पंथ उघडपणे मांडला. म्हणून दुकानातल्या तयार दारचक्राला लटकवलेल्या चिठ्ठीवर ‘हजारो वर्षांची परंपरा’ असे छापलेले दिसले, तर त्यावर फारसा विश्वास ठेवू नये. झाडांविषयीच्या समजुती जुन्या आहेत. त्या सगळ्या एका गोलात गुंफून दारावर टांगण्याची रीत मात्र बरीच अलीकडची आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा ज्यांनी लढून मिळवला, त्यांना हा विषय खटकू शकतो, हे मी जाणते. एवढेच सांगते की या चक्रात कोणावर आरोप नाही, कोणाची फसवणूक नाही आणि कोणता रोग बरा करण्याचा दावाही नाही. दसऱ्याच्या तोरणाकडे आपण ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने मी त्याकडे पाहते.

सांगाडा विलोच्या, म्हणजे वाळुंजाच्या जातीतल्या झाडाच्या, कोवळ्या काठ्यांचा करावा. पाने गळून गेल्यावर कापलेल्या, पेन्सिलीइतक्या जाड आणि सुमारे दीड मीटर लांबीच्या दहा काठ्या पुरतात. ताज्या काठ्या सहज वळतात. वाळलेल्या, सालीसकट असलेल्या काठ्या मात्र कित्येक दिवस पाण्यात बुडवून ठेवाव्या लागतात, अन्यथा त्या मधोमध काडकन मोडतात. पहिली काठी ३५ सेंटिमीटर व्यासाच्या गोलात वाकवून तिची टोके एकमेकांवर चढवावीत आणि सुतळीने निरगाठ मारून पक्की करावी. दुसऱ्या काठीपासून गाठीची गरज उरत नाही: तिचे जाड टोक पहिल्या गोलात खोचावे, वेणी घालावी तशी ती गोलाभोवती फिरवत न्यावी आणि उरलेले टोक पुन्हा आत खुपसावे. प्रत्येक नवी काठी आधीच्या काठीपासून थोड्या अंतरावर सुरू केली, की जाडी सगळीकडे सारखी येते. फुलवाल्यांकडे मिळणारे हिरव्या स्पंजचे तयार गोल मी वापरत नाही, कारण तो स्पंज प्लास्टिकचा असतो आणि शेवटी मातीत त्याचे काहीच होत नाही.

आता मुख्य वस्तूकडे, म्हणजे रोवनकडे वळू. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागात, ओसाड पडलेल्या, छप्पर उडालेल्या दगडी घराच्या पडक्या दाराशी आजही एखादे रोवनचे झाड उभे दिसते. ते राखणीसाठी लावलेले असे आणि ते तोडणे अशुभ मानले जाई. झाड लहानखुरे, पाने आपल्या कडुनिंबाची आठवण करून देणारी, आणि सप्टेंबरात त्यावर शेंदरी-लाल फळांचे घोस लगडतात. एक फळ तळहातावर घेऊन उलटे करावे. ज्या बाजूला देठ नाही, त्या बाजूला पाच टोकांची एक इवलीशी चांदणी कोरल्यासारखी दिसते. फुलाची पाच निदले फळाच्या टोकाशी वाळून राहतात, त्यांचीच ही खूण. पण पंचकोनी तारा हे ज्यांच्या पंथाचे संरक्षक चिन्ह आहे, त्यांनी या फळाला इतका मान का द्यावा, हे ती पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. अडचण एवढीच, की डिसेंबर उजाडेपर्यंत पक्ष्यांनी झाड साफ केलेले असते. म्हणून फळे सप्टेंबरातच थोडी काढून आणावीत, जाड सुईने दोऱ्यात ओवावीत आणि ती माळ उबदार, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे टांगून वाळवावी. वाळल्यावर फळे सुरकुततात आणि रंग गडद होतो, पण चांदणी शिल्लक राहते. काटक्या कधीही मिळतात; बोटाएवढ्या जाड आणि दहा सेंटिमीटर लांबीच्या दोन पुरेत.

हिरवाईत हॉलीच्या फांद्या आणि आयव्हीचा वेल हवाच. हॉलीच्या काटेरी पानांना वीज आणि वाईट शक्ती बिचकतात, अशी जुनी समजूत होती. लाल फळे फक्त मादी झाडावर येतात, त्यामुळे दोन-चार झाडे पाहून मगच फांदी निवडावी. हातमोजे घालणे आवश्यक आहे, कारण हॉली बोचते आणि आयव्हीच्या चिकाने काहींच्या कातडीला खाज सुटते. जुनिपर या सूचिपर्णी झुडपाला हायलँड्समध्ये मोठा मान होता: नववर्षाच्या सकाळी दारे-खिडक्या बंद करून घरात आणि गोठ्यात जुनिपरच्या फांद्या जाळत, माणसे खोकून बेजार झाली की मगच खिडक्या उघडत, आणि घर वर्षभरासाठी शुद्ध झाले असे मानत. आज रानातले जुनिपर रोगाने आणि वयाने खंगत चालले आहे, त्यामुळे ते तोडू नये. रोपवाटिकेतल्या कुंडीतल्या झाडाची एखादी डहाळी वासापुरती पुरते. रोझमेरी स्मरणासाठी घालतात, आणि घरात कोणी नुकतेच गेले असेल, तर तिचा जुडगा थोडा मोठा करावा असे मला वाटते. ‘बे’ची पानेही घालतात, पण येथे आपली गफलत होते: आपले तमालपत्र आणि युरोपातले बे ही वेगळी झाडे आहेत. तमालपत्रावर देठापासून टोकापर्यंत तीन ठळक शिरा जातात, बेच्या पानावर मधली एकच. मसाल्याच्या डब्यातले सुके तमालपत्र बांधताना तुकडे होऊन पडते, म्हणून ताजे बे नसेल, तर ते सरळ वगळावे.

यू हे झाड मात्र कितीही जादुई वाटले तरी घेऊ नये, कारण त्याची पाने आणि बी अत्यंत विषारी असतात. हॉली, आयव्ही आणि मिसलटो हे बांडगूळ यांची फळेही पोटात गेल्यास त्रास देतात. घरात रांगते मूल, कुत्रा किंवा मांजर असेल, तर चक्र बाहेरच्या दारावर उंच टांगावे आणि खाली पडलेली फळे रोज वेचावीत. एडिनबरा किल्ल्यासमोरच्या मैदानाच्या कडेला, चेटकीण ठरवून मारल्या गेलेल्या स्त्रियांच्या आठवणीत १८९४ साली उभारलेले एक छोटे कारंजे आहे. त्यावर एक क्रूर आणि एक शांत असे दोन स्त्रीमुखवटे आणि फॉक्सग्लव्हचे रोप कोरलेले आहे. फॉक्सग्लव्ह प्रमाणात घेतले तर हृदयाचे औषध, नाहीतर विष. हे कारंजे करवून घेणारे पॅट्रिक गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, ही त्यातली आपली ओळखीची खूण.

बांधणीसाठी हिरवाईचे पंधरा सेंटिमीटरचे तुकडे छाटणीच्या कात्रीने कापून चार-पाच काड्यांचे जुडगे करावेत. ३५ सेंटिमीटरच्या गोलाचा परीघ एकशे दहा सेंटिमीटर भरतो. सात-सात सेंटिमीटरवर एक याप्रमाणे पंधरा-सोळा जुडगे लागतात. पहिला जुडगा गोलावर ठेवून सुतळीचे तीन घट्ट वेढे द्यावेत, सुतळी न तोडता पुढचा जुडगा असा ठेवावा की त्याच्या पानांखाली आधीचे देठ झाकले जातील, आणि असेच पुढे जात राहावे. दिशा एकच हवी. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत सूर्याच्या चालीने, म्हणजे उजवीकडून फिरण्याला ‘जेशल’ म्हणतात आणि कोणतेही शुभ काम त्याच दिशेने करतात. आपल्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही, देवळात प्रदक्षिणा घालतो तीच ही दिशा. शेवटचा जुडगा पहिल्याची पाने उचलून त्याखाली सरकवावा. हा सांधा नेहमी किंचित विरळ राहतो. क्रूस तिथेच बसवायचा असल्यामुळे त्याची काळजी करू नये.

सूर्याच्या परतीसाठी संत्र्याच्या चकत्या आणि रोवनच्या चांदणीला जोड म्हणून सफरचंदाच्या चकत्या घालतात. सफरचंद देठापासून उभे न चिरता आडवे कापावे, म्हणजे बियांच्या पाच कप्प्यांचा तारा मधोमध उघडा पडतो. रोवन आणि सफरचंद एकाच, गुलाबाच्या, कुळातले असल्यामुळे हा पाचाचा हिशेब दोन्हीकडे सारखा आहे. चकत्या पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या कापाव्यात, सफरचंदाच्या चकत्या काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यात दहा मिनिटे ठेवाव्यात, सगळ्या कापडाने टिपून ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसवर जाळीवर पसराव्यात आणि दर तासाला उलटाव्यात. सफरचंदाला साधारण तीन तास लागतात, संत्र्याला चार किंवा जास्त. पहिल्या वर्षी मी घाई केली. चकत्या वरून कोरड्या आणि मधे चिकट असतानाच बांधल्या, आणि एडिनबराच्या दमट हवेत आठवड्याभरात माझ्या सूर्यावर करड्या बुरशीची लव उगवली. तेव्हापासून ओव्हनमधून काढल्यावरही त्या दोन दिवस उबेला ठेवते, आणि बोटाला मधला भाग जराही चिकटत असेल, तर ती चकती वापरत नाही. जोडीला दालचिनीचे दोन-तीन तुकडे आणि चार चक्रफुले पुरेत. याहून अधिक घातले की राखणदाराऐवजी मसाल्याचे दुकान दिसू लागते.

आता क्रूस. रोवनच्या दोन काटक्या एकमेकींवर काटकोनात धरून लाल लोकरीचे तिरके वेढे दोन्ही कर्णांवर द्यावेत, शेवटी निरगाठ मारावी आणि क्रूस त्या विरळ सांध्यावर बांधावा. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा, तर तिकडे लाल. लोकर खरी घ्यावी. ॲक्रिलिकची मातीत विरघळत नाही. मग तीन मीटर लोकर घेऊन क्रूसापासून त्याच सूर्यगतीने संपूर्ण चक्राला नऊ वळसे द्यावेत आणि प्रत्येक वळशाला मागच्या बाजूने एक गाठ मारावी. आजच्या विच प्रत्येक गाठीबरोबर एक वाक्य मनाशी किंवा मोठ्याने उच्चारतात: या दारातून आजार न येवो, या दारातून भांडण न येवो, अशा धाटणीचे. शब्द ठरलेले नाहीत. मी ते मराठीत म्हणते आणि नवव्या गाठीला घरातल्या माणसांची नावे घेते. चक्राच्या खालच्या बाजूला लहान घंटा बांधण्याचीही रीत आहे, म्हणजे दार हलले की आवाज होतो. माझ्या चक्राला पुण्याहून आणलेल्या तुटक्या चाळांतली पाच घुंगरे आहेत आणि त्यांचे काम ती चोख करतात.

टांगताना क्रूस अगदी वर, मधोमध यावा. जुन्या समजुतीनुसार सदाहरित फांद्या नाताळच्या आदल्या दिवसापूर्वी घरात आणू नयेत. बाहेरच्या दारावरचे चक्र यूलच्या संध्याकाळी, दिवेलागणीला लावले तर दोन्ही रीती सांभाळल्या जातात. बाहेरच्या थंडीत ते सहा आठवडे बऱ्यापैकी हिरवे राहते, पाऊस नसेल तेव्हा चार दिवसांनी पाण्याचा हलका फवारा द्यावा. घरात, विशेषतः हीटरवर, ते दहा दिवसांत कडकडीत वाळते आणि वाळलेले जुनिपर ठिणगीने भपकन पेटते, म्हणून मधोमध मेणबत्ती ठेवण्याचा मोह टाळावा.

उतरवण्याचा दिवस काही जण ५ किंवा ६ जानेवारी धरतात, काही २ फेब्रुवारीपर्यंत थांबतात. त्यापुढे ठेवले तर अशुभ, यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे. आधी नऊ गाठी उलट्या क्रमाने सोडवाव्यात, कात्री लावू नये. हिरवाई आणि फळे खताच्या ढिगात जातात. विलोचा गोल शेडमधल्या खिळ्याला अडकवून ठेवला, तर तीन-चार हिवाळे सहज टिकतो. रोवनचा जुना क्रूस मी पुढच्या यूलला, नवा बांधून झाल्यावर, अंगणातल्या शेकोटीत टाकते; घुंगरे तेवढी पुसून पुन्हा डब्यात.