सुटलेलं शिवणकाम पुन्हा हातात घेताना: सुरुवात घरच्यांच्या कपड्यांपासून

पुष्कळ घरांत शिलाई मशीन असतं आणि त्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चवड असते. क्लास केलेला असतो, कधीकाळी परकर-फ्रॉक शिवलेले असतात; मग नोकरी, मुलं, घरबदल यांत हात सुटतो. पुन्हा बसायचं म्हटलं की ब्लाउजचं महाग कापड डोळ्यांसमोर येतं आणि कात्री उचलवत नाही. माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी ब्लाउजला हातच लावू नये. घरात रोज वापरायचे, थोडे ढगळ चालणारे कपडे शिवावेत. ज्याच्यासाठी शिवायचं तो माणूस घरातच असतो. अर्धवट कपडा त्याच्या अंगावर घालून बघता येतो आणि चार धुण्यांनंतर कुठे ओढतंय, कुठे उसवलंय तेही दिसतं. बाहेरच्या शिंप्याला हे क्वचितच बघायला मिळतं.

आधी मशीन

बंद राहिलेल्या मशीनमधलं जुनं तेल घट्ट होतं. सुईखालची पत्री उघडून दातऱ्यांमधला (कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमधला) धुरळा आणि दोऱ्याचे तुकडे ब्रशने काढा. तेलाच्या प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. खोबरेल किंवा गोडेतेल अजिबात नको, ते चिकट होऊन बसतं. दोरा न ओवता थोडा वेळ मशीन चालवा, मग चिंधीवर टिपा घाला म्हणजे जास्तीचं तेल चिंधी पिऊन घेईल.

सुई नवी घाला. जुनी काढताना तिची सपाट बाजू कुठे होती ते बघून ठेवा. मलमलीला ११ नंबर, रोजच्या सुती कापडाला १४, जीन्ससारख्या जाड कापडाला १६. टाके सुटत असतील तर बहुतेकदा कारण सुईत असतं, तुमच्या हातात नव्हे. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होत असेल, तर बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) दोष देण्याआधी वरचा दोरा पूर्ण काढून, दाबपट्टीचा पाय वर उचलून, पुन्हा ओवा. पाय खाली असताना ओवलेला दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसत नाही.

आता वहीचा रेघी कागद घ्या आणि दोऱ्याशिवाय रेघेवरून सुई चालवा. सरळ रेघा जमल्या की वाटीभोवती पेन्सिल फिरवून गोल काढा आणि त्यावरून चालवा. पायडल मशीन असेल तर चाक हाताने स्वतःकडे फिरवून सुरू करायची सवय इथेच परत येते. कागदावर चाललेली सुई कापडाला वापरू नका, ती बोथट होते.

पहिला कपडा: मुलाचा पायजमा

पाच वर्षांच्या मुलाला ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) १ मीटर सुती कापड पुरतं. ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरं सुती कापड आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर सगळी मेहनत वाया जाते.

मापाचं गणित करत बसू नका. मुलाला नीट बसणारा पायजमा उभा दुमडा, एक पाय दुसऱ्यावर ठेवा आणि वर्तमानपत्रावर पसरा. कमरेचं इलॅस्टिक ताणून धरा. समोरची बाजू वर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा, मग घडी उलटवून मागची बाजू तशीच उतरवा. मागचा भाग कमरेला थोडा उंच आणि बैठकीला जास्त खोल असतो. हा फरक पुसून टाकलात तर मूल खाली बसलं की पायजमा मागून उतरेल. दोन्ही आकार बाहेरच्या सरळ कडेने जोडा, एका पायाचा पूर्ण कागद तयार झाला. सगळीकडे अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडायचं जादा कापड), कमरेला दीड इंच, खाली एक इंच.

कापड सुलट बाजू आत घेऊन दुहेरी करा, उभा धागा पायाच्या लांबीत ठेवा, कागद टाचून कापा. मग क्रम असा:

१. प्रत्येक पायाची आतली शिवण घाला. इंचाला १०-१२ टाके बसावेत.
२. एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट्या पायात घाला, शिवणीला शिवण जुळवा आणि बैठकीची गोलाई शिवा. इथे दुहेरी टीप हवीच.
३. कमरेला नेफा (इलॅस्टिक ओवायची पोकळ पट्टी) दुमडून शिवा, दोन इंच जागा उघडी ठेवा. पाऊण इंची इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा २ इंच कमी कापून सेफ्टी पिनने ओवा, टोकं जोडा, जागा बंद करा.
४. खालची पट्टी मुलाला पायजमा घालूनच ठरवा.

असे दोन-तीन पायजमे पाठोपाठ शिवा. दुसऱ्या वेळी कागद तयार असतो, क्रम हाताला आठवतो आणि सगळं लक्ष टिपेवर देता येतं. हात खरा बसतो तो एकच कपडा पुन्हा शिवताना, म्हणून लगेच नव्या प्रकारावर उडी मारू नका.

मग गोलाई

घरात किंवा नात्यात तान्हं बाळ असेल तर झबलं शिवा. आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं यासाठी नव्या कापडापेक्षा चांगलं. गळ्याला उरेब पट्टी लावा: कापडाचा कोपरा तिरका दुमडला की जी कर्णाची रेघ येते, तिच्या समांतर सव्वा इंचाच्या पट्ट्या कापा. पट्टी गळ्याला जोडताना ओढू नका, नाहीतर गळा आकसतो. शिवणीजवळ बारीक काप दिले की गोलाई वळते. बटण नको, पाठीला नाडी. आणि बाळाला टोचू नये म्हणून शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवल्या तरी चालतात.

यानंतर घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे वळा. तयार कपड्यांत त्यांचा विचार फार थोडा झालेला असतो. खांदा दुखणाऱ्या सासूबाईंना डोक्यातून घालायचा गाऊन त्रासाचा, त्यांना पुढून पूर्ण उघडणारा हवा. बोटं आखडलेल्या वडिलांना काज-बटणाऐवजी वेल्क्रो. दोघांनाही फोन आणि गोळ्यांची पाकिटं मावतील असा खोल खिसा. या बदलांना फारसं कौशल्य लागत नाही, आणि कपडा रोज वापरला जातो.

ब्लाउज शेवटी. आधी मांजरपाटावर (स्वस्त, जाड्याभरड्या सुती कापडावर) कापा, कच्चा धावदोरा घालून अंगावर चढवा, टाचण्यांनी खुणा करा. मग तो उसवून, इस्त्री करून, त्याच तुकड्यांना नमुना धरून खरं कापड कापा.