बोरीबंदर ते ठाणे, हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत: घरी खेळायचा इतिहास

मुलांशी घरी इतिहास खेळायचा असेल तर आख्खा कालखंड हाती घेऊ नका. नुसतं ‘शिवकाळ खेळू या’ म्हटलं की पोरं पाच मिनिटं तलवारी फिरवतात आणि खेळ खऱ्या मारामारीवर येतो. एक दिवस, एक जागा आणि प्रत्येकाला एक काम, एवढंच ठरवा. ठाणेकरांसाठी असा दिवस तयारच आहे: १६ एप्रिल १८५३. देशातली पहिली प्रवासी गाडी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून सुटली आणि ठाण्याला आली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, निघताना २१ तोफांची सलामी. एवढं तुम्हाला पाठ असलं की पुरे. मुलांना मात्र आधी सांगत बसू नका. खेळात जिथे अडेल तिथे एकेक गोष्ट द्या.

अंतर ३४ किलोमीटर, म्हणजे ३४ पावलं. फ्लॅटमध्ये सलग एवढी जागा मिळत नाही, म्हणून हॉलच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत खडूने रूळ आखा आणि फेऱ्या मोजा. दर पाचव्या पावलावर खूण हवी. सेलोटेप लावू नका, फरशीवर त्याचा चिकटा राहतो.

सामान घरातलंच: वर्तमानपत्राचे चुरगाळलेले २० गोळे (कोळसा), केराचं सुपडं (फावडं), पुठ्ठ्याचं खोकं (भट्टी), पाण्याचा तांब्या, बादली, लाल आणि हिरवं फडकं, शिट्टी. वेशभूषेवर पैसे घालू नका. भाड्याचा पोशाख आणला की मूल आरशासमोरून हलत नाही. डोक्याला आजीचं उपरणं गुंडाळलं की काम भागतं.

खेळाचा जीव फायरमनच्या कामात आहे. दर पाच पावलांमागे दोन गोळे भट्टीत पडलेच पाहिजेत, तेही सुपड्याने. टोपलं आणि खोकं यांत दोन हात अंतर ठेवा. बाहेर पडलेला गोळा बाद, आणि कोळसा कमी पडला की गाडी जागच्या जागी थांबते. एका प्रवासाला १४ गोळे लागतात. २० दिलेत म्हणजे सहा वाया घालवायची मुभा. सतराव्या पावलावर तांब्याभर पाणी बादलीत ओतायचं. हे आकडे खेळापुरते, कारण मात्र खरं आहे. ‘पाणी कशाला? आग आहे ना!’ असं मूल विचारतंच. तेव्हा कुकरची शिट्टी वाफेने कशी उचलली जाते ते दाखवा आणि तीच वाफ इंजिनात दट्ट्या ढकलते, दट्ट्या चाकं फिरवतो, हे सांगा. हाताने गोळे फेकू दिले तर दोन मिनिटांत युद्ध पेटतं, म्हणून सुपड्याचा नियम सोडू नका.

सगळ्यांनाच ड्रायव्हर व्हायचं असतं. दर दहा पावलांनी कामं बदला: ड्रायव्हर, फायरमन, झेंडीवाला गार्ड. आजी-आजोबा ठाण्याच्या रुळाशेजारचे गावकरी. बैलाशिवाय चालणारी गाडी त्यांनी कधी पाहिलेली नाही. त्यांनी प्रश्नांचा भडिमार करायचा आणि उत्तरं मुलांनी द्यायची. आपण शिकवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं मुरतं. तिसरी-चौथीतल्या मुलाकडे पाहुण्यांची व्यवस्था द्या: ४०० माणसं १४ डब्यांत कशी बसवायची? भागाकार पूर्ण जात नाही, मग कुठे २८ आणि कुठे २९, हे त्याचं त्यालाच सापडतं.

मध्येच कुणी मोबाइलवर फोटो काढायला लागलं तर रागावू नका. ‘चार्जिंग कुठे करणार? घरात वीज नाही,’ एवढंच म्हणा आणि वाट पाहा. मुलं स्वतःच कंदील शोधायला लागतात. मोठ्यांची नेहमीची चूक म्हणजे मध्येच ‘सांग बरं, कोणतं साल?’ विचारणं. परीक्षा आली की खेळ मोडला.

पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना तयारीसकट ४० मिनिटं पुरतात. शेवटची पाच मिनिटं कागदावर दोन रकाने करा: ‘खरं’ आणि ‘आपण रचलेलं’. २१ तोफा पहिल्यात, पाच पावलांना दोन गोळे दुसऱ्यात. ही पायरी गाळलीत तर शाळेत जाऊन मूल कागदी कोळशाचाच हिशेब इतिहास म्हणून सांगेल.

लढायाही खेळता येतात. चिमाजी अप्पांची वसई (१७३९) मोठ्या मुलांना आवडते. फक्त एकाच भावंडाला दर वेळी हरणारा पोर्तुगीज करू नका, आणि तलवारबाजीपेक्षा तटावरचा पहारा, रसद, निरोप्या अशी कामं द्या.

रेल्वेचा खेळ रंगला तर पुढच्या रविवारी रूळ २० पावलं वाढवा. १८५४ मध्ये गाडी कल्याणपर्यंत गेली, पण त्यासाठी ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावा लागला. निळी चादर अंथरा, उशा, पाट आणि जाड पुस्तकं शेजारी ठेवा आणि पूल कशाचा ते मुलांना ठरवू द्या. उशांचा पूल पहिल्याच पावलाला खचतो. तुम्ही आधी बोलू नका.