दुसऱ्याच्या छायाचित्रातून नेमके काय घ्यावे
हर्णै बंदरावरील मासळीच्या लिलावाचे एखादे छायाचित्र मनात भरले, तर त्याच जागी उभे राहून तीच चौकट पुन्हा टिपण्याऐवजी ते आधी घरी निवांत न्याहाळावे आणि प्रकाश कोणत्या बाजूने आला आहे, कॅमेरा किती उंचीवर धरला आहे, चौकटीबाहेर काय ठेवले आहे, हे वहीत लिहून काढावे. बंदरावर मात्र ते छायाचित्र मोबाइलवर उघडू नये. माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. शिकलेली युक्ती वेगळ्या विषयावर वापरावी: सुवर्णदुर्ग आणि मावळता सूर्य अनेकांनी टिपला आहे, पण त्याच तिरप्या उन्हात चमकणाऱ्या कोळंबीच्या मिशा आणि टोपलीच्या काठाला चिकटलेले खवले क्वचितच कोणी पाहतो. मूळ छायाचित्रच वापरायचे असल्यास परवानगी घ्यावी. भारतात त्यावरील स्वामित्वहक्क सामान्यतः छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो.